वाचकांचे प्रश्न: शाळा संस्थेची, पगार सरकारचा, मग दार कुणाला बंद?

जून आला की माझ्याकडे येणारी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज सगळे ॲडमिशनचेच असतात, ते दरवर्षीचंच. पण यंदा बऱ्याच जणांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारलीय, की एखाद्या धर्माच्या लोकांनी काढलेली शाळा, जिच्या शिक्षकांचा पगार सरकार देतं, ती आमच्या पोराला नको म्हणू शकते का. वकिली सुरू करायच्या आधी मी नऊ वर्षं अनुदानित हायस्कुलात शिकवलंय, त्यामुळे ॲडमिशनच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना मी बसलेय. म्हणून ह्या वेळचा सगळा कॉलम ह्याच विषयाला. नावं कुणाचीच छापत नाही, आपल्याकडे वाड्या लहान असतात, लगेच कळतं कोण ते.

प्रश्न: ताई, आम्ही राजापूर तालुक्यात खाडीकाठाला राहतो. मुलगी सातवी पास झाली. आमच्या वाडीपासून चालत वीस मिनिटांवर एका अल्पसंख्याक संस्थेचं अनुदानित हायस्कूल आहे, मराठी माध्यमाची तुकडीही आहे. हेडसर म्हणाले ही मायनॉरिटी शाळा आहे, आम्ही फक्त आमच्या समाजाची मुलं घेतो, तो आमचा अधिकार आहे. दुसरं हायस्कूल तेरा किलोमीटर, सकाळची एकच एसटी आणि पावसात तिचाही भरवसा नाही. आम्ही हिंदू. त्यांना खरंच असा अधिकार आहे का?

उत्तर: नाही. भाऊ, हेडसरांनी तुम्हाला अर्धं खरं सांगितलं आणि त्या अर्ध्याच्या जोरावर तुमच्या लेकीला परत पाठवलं.

खरं अर्धं असं की घटनेच्या कलम ३० नुसार धार्मिक किंवा भाषिक अल्पसंख्याकांना आपली शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क आहे, आणि तो मोठा हक्क आहे, त्याला कुणी सवलत म्हणू नये. पण त्याच्या आधीच्याच कलमात, २९ च्या दुसऱ्या भागात, असं म्हटलंय की राज्य चालवतं किंवा राज्याच्या पैशातून मदत घेतं अशा कुठल्याही शिक्षणसंस्थेत कुणाही नागरिकाला केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा ह्या कारणावरून प्रवेश नाकारता येणार नाही. "कुठल्याही" मध्ये अल्पसंख्याक शाळाही आली. ही दोन कलमं एकमेकांशी कशी जुळवायची ह्यावर सुप्रीम कोर्टात १९५८ पासून चर्चा चाललीय. केरळच्या शिक्षण विधेयकाच्या वेळी कोर्टानं सांगितलं की बाहेरच्या मुलांचा शिडकावा झाला म्हणून अल्पसंख्याक शाळेचं स्वरूप बदलत नाही. मग १९९१ च्या अखेरीस दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजच्या केसमध्ये आपल्या समाजासाठी जास्तीत जास्त निम्म्या जागा अशी मर्यादा आली, आणि २००२ च्या टी. एम. ए. पै निकालात अकरा न्यायमूर्तींनी सांगितलं की सगळीकडे एकच आकडा नको, स्थानिक परिस्थिती बघून ठरवा, पण अनुदान घेतलंत तर बाहेरच्यांना वाजवी प्रमाणात घ्यावंच लागेल. म्हणजे आपल्या समाजाच्या मुलांना आधी घेणं चालतं. "फक्त आमचीच" हे चालत नाही. तुकडीत जागा रिकामी असताना धर्म बघून परत पाठवणं तर अजिबातच नाही.

आता हे सगळं दिल्लीत ठरलेलं आणि आपल्यावर लादलेलं आहे असं काही लोकांना वाटतं, म्हणून एक जुनी गोष्ट सांगते, कारण ती आपल्याच मुंबई इलाख्यातली आहे. १८५६ च्या जून महिन्यात धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलानं प्रवेशासाठी अर्ज केला. त्याला नकार मिळाला आणि मुंबई सरकारनं तेव्हा नकाराचीच बाजू घेतली, की एका मुलासाठी बाकीच्यांना नाराज करून शाळा ओस पाडायची का. पण वरून ह्यावर नापसंती आली आणि १८५८ मध्ये त्याच सरकारला जाहीर करावं लागलं की ज्या शाळा पूर्ण सरकारी खर्चानं चालतात त्या सगळ्यांना खुल्या राहतील, आणि ज्या शाळांना थोडीफार मदत मिळते त्यांनी जातीवरून किंवा वंशावरून कुणाला शिक्षण नाकारलं तर मदत बंद करायचा पूर्ण अधिकार सरकार राखून ठेवतंय. बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढच्या निवेदनात हा ठराव मांडला होता. म्हणजे सगळ्यांचा पैसा घेतला की दार सगळ्यांना उघडं, हे तत्त्व आपल्या भागात पावणेदोनशे वर्षांचं होत आलंय. पुढे ४ ऑगस्ट १९२३ ला रावबहादूर सी. के. बोले ह्यांनी मुंबईच्या कौन्सिलात जो ठराव मंजूर करून घेतला, सरकारी पैशाच्या विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या करायचा, त्याच्याच आधारानं महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं आणि कागदावरचं प्रत्यक्षात आणायला २० मार्च १९२७ ला लोकांना तळ्यावर जावं लागलं. ठराव झाला म्हणजे काम झालं असं आपल्याकडे कधीच नव्हतं, तुमच्या लेकीच्या बाबतीतही तेच आहे, कलम आहे पण ते चालवावं लागेल.

तर करायचं काय. तोंडी बोलून परत येऊ नका, साधा लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का आणि तारीख घ्या. घेत नाही म्हणाले तर स्पीड पोस्टनं पाठवा आणि पोच सांभाळून ठेवा. मग गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार, प्रत जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांना. बरोबरच माहिती अधिकारात एवढंच विचारा की त्या तुकडीची मंजूर क्षमता किती आणि आजचा पट किती. हा आकडा हातात आला की पुष्कळदा विषय तिथेच संपतो, कारण रिकामी जागा असून नकार दिला हे कागदावर दिसतं. एवढ्यानंही झालं नाही तर हायकोर्ट, आणि आता रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या लोकांना त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय. वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बाया आणि मुलं ह्यांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

आणि हेडसर हे वाचत असतील तर त्यांना एक मनापासून सांगते. सर, कोकणात पट कसा घसरतोय हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, अर्धी वाडी मुंबईला, संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात) एक एक पद जातंय, शिक्षक अतिरिक्त ठरून कुठल्या कुठे फेकले जातायत. जी मुलगी स्वतःहून चालत तुमच्या दारात आलीय तिला घेतल्यानं तुमच्या शाळेचं काय जाणार आहे?

प्रश्न: मी श्रीवर्धन तालुक्यातली आई. गावातल्या मोठ्या हायस्कुलात (अनुदानित, संस्था आमच्या समाजाची नाही) मुलाचा फॉर्म द्यायला गेले तर क्लार्क म्हणाले तुमच्यासाठी उर्दू शाळा आहे ना, तिकडे घाला. मुलगा सातवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलाय, त्याला उर्दू लिहिता येत नाही. भांडण नको म्हणून गप्प आले. काय करू?

उत्तर: गप्प नका राहू. वर राजापूरच्या भावांना जे लिहिलंय ते जसंच्या तसं तुम्हालाही लागू, उलट तुमच्या बाजूनं कायदा जास्त आहे. त्या शाळेला अल्पसंख्याक दर्जा नाही, म्हणजे कलम २९ तर आहेच, शिवाय २००९ चा शिक्षण हक्क कायदा पूर्णच्या पूर्ण लागू आहे, आठवीपर्यंतच्या प्रवेशाला टेस्ट किंवा मुलाखत घेता येत नाही, दाखल्यासाठी अडवता येत नाही. "तुमच्यासाठी ती शाळा" हे वाक्य ऐकलं की मला दापोली आठवते. १८९० च्या दशकात तिथल्या पेन्शनर महार सैनिकांनी, ज्यांनी पलटणीत आयुष्य घालवलं होतं, आपल्या मुलांना गावच्या शाळेत घ्या म्हणून अर्जावर अर्ज केले, आणि मुलांना घेतलं तेव्हाही बसवलं कुठे तर व्हरांड्यात. व्हरांडा म्हणजे शाळेत आहे पण नाही. आज कुणी व्हरांड्यात बसवत नाही, दुसऱ्या शाळेचा रस्ता दाखवतात, आणि मूल ते समजतं, मुलांना सगळं समजतं. तुमचा मुलगा मराठी माध्यमात सात वर्षं शिकलाय, मराठी ही त्याची शाळेची भाषा आहे, ती कुणी क्लार्क त्याच्याकडून काढून घेऊ शकत नाही. उद्याच लेखी अर्ज घेऊन जा, एकट्या नको, पालक सभेतल्या कुणाला तरी सोबत घ्या, आणि हेडमास्तरांनाच भेटा. माझा अनुभव असा की दहातल्या आठ वेळा हा क्लार्कचा स्वतःचा शहाणपणा असतो आणि वरच्या माणसाला पत्ताच नसतो. नाहीच झालं तर मला परत लिहा, मी स्वतः पत्र करून देते.

प्रश्न: आमची मुलगी मिशनच्या अनुदानित शाळेत आहे, शिकवतात छानच. पण रोज सकाळी प्रार्थनेला हात जोडून त्यांच्या धर्माची प्रार्थना म्हणावी लागते. दुसरीकडे माझ्या जावेचा मुलगा जिथे जातो तिथे सगळ्यांना सरस्वतीपूजनाला नारळ आणायला सांगतात, तिथे ख्रिश्चन मुलंही आहेत. ह्यात बरोबर काय? (सावंतवाडी)

उत्तर: दोन्ही ठिकाणी एकच नियम, कलम २८. जी शाळा पूर्णपणे सरकारी पैशावर चालते, म्हणजे आपली झेडपीची शाळा, तिथे धार्मिक शिक्षण द्यायचंच नाही. जी शाळा मान्यताप्राप्त किंवा अनुदानित आहे पण संस्थेची आहे तिथे ते देता येतं, पण कुठल्याही मुलावर धार्मिक शिक्षणाची किंवा उपासनेची सक्ती नाही, मूल अज्ञान, म्हणजे अठराच्या आतलं, असेल तर पालकांची संमती लागते. "विरोध केला नाहीत ना" म्हणजे संमती नव्हे, संमती मागावी लागते. त्यामुळे तुम्ही आणि तुमच्या जाऊबाई, दोघीही, वर्गशिक्षकांना दोन ओळींचं पत्र देऊ शकता की आमची संमती नाही, मूल त्या वेळी शांत उभं राहील.

हे फक्त मुलांपुरतं नाही बरं का. नाशिकच्या अनुदानित शाळेतल्या एका शिक्षकांनी प्रार्थनेला हात जोडायला नकार दिला, ते उभे राहायचे पण हात जोडायचे नाहीत, त्यावरून त्यांच्यावर कारवाई झाली आणि २०१३ मध्ये मुंबई हायकोर्टानं सांगितलं की अशी सक्ती करता येणार नाही. त्याच्याही आधी १९८६ साली केरळमधल्या तीन मुलांची केस सुप्रीम कोर्टात गेली होती, ती मुलं राष्ट्रगीताला आदरानं उभी राहायची पण त्यांच्या पंथामुळे म्हणायची नाहीत म्हणून शाळेनं काढून टाकलं होतं, कोर्टानं त्यांना परत घ्यायला लावलं.

पण कायद्याच्या पलीकडचं एक सांगायचंय, आणि ते माझ्यावरच आहे. मी शिकवत होते तेव्हा दर वर्षी आमच्याकडे पाटीपूजन व्हायचं, हळदकुंकू, पाटीवर सरस्वती काढायची, मुलींना फार आवडायचं. एका वर्षी आठवीतली एक मुसलमान मुलगी वर्गाच्या उंबऱ्यावर उभी राहिली, आत यावं की नाही तिला कळेना, आणि एक बाई तिच्यावर ओरडल्या की आत ये नाहीतर घरी जा. ती घरी गेली. पावसात, छत्री वर्गात ठेवून. मी बाजूच्याच वर्गात होते, मी ऐकलं, मी काही बोलले नाही, कारण त्या बाई सीनियर होत्या आणि माझ्या नेमणुकीचं अप्रूव्हल यायचं होतं. दुसऱ्या दिवशी तिची छत्री मी तिला दिली, एवढंच केलं. त्या मुलीला आज घटनेचं कुठलं कलम माहीत असेल नसेल, पण तो उंबरा तिला नक्की आठवत असणार. म्हणून शाळेतल्या सगळ्या बाईंना आणि सरांना हात जोडून सांगते, पूजा करा, नाताळची कॅरोल म्हणा, पैगंबरांच्या स्तुतीची नात म्हणा, ह्या गोष्टींनी शाळेत जीव येतो, पण ज्या मुलाला नको आहे त्याला उभं राहायला एक मानाची जागा आधीच ठरवून ठेवा, त्यानं मागायच्या आधी.

प्रश्न: ताई स्पष्ट विचारतो, राग मानू नका. आमच्या टॅक्समधून मदरशांना आणि कॉन्व्हेंटला पैसे कशाला? ज्याला आपला धर्म शिकवायचाय त्यानं आपल्या खिशातून शिकवावा. (चिपळूण)

उत्तर: राग नाही, प्रश्न रास्त आहे, फक्त त्यात दोन-तीन गोष्टी एकत्र झाल्यात त्या वेगळ्या करू.

अनुदान धर्म शिकवायला मिळत नाही. गणित, विज्ञान, भाषा शिकवणाऱ्या शिक्षकाचा पगार मिळतो, आणि तो जसा मिशनच्या शाळेला मिळतो तसाच आपल्याकडच्या शिक्षण प्रसारक मंडळांच्या, कुठल्या महाराजांच्या नावाच्या, कुठल्या देवस्थानाच्या संस्थांच्या शाळांनाही मिळतो. घटनेत कलम ३० च्या दुसऱ्या भागात उलटीच सूचना आहे, की मदत देताना संस्था अल्पसंख्याकांची आहे म्हणून भेदभाव करू नका. मदरशांचं म्हणाल तर महाराष्ट्रात डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजना आहे, तिच्यात विज्ञान, गणित, मराठी, इंग्रजी, समाजशास्त्र असे विषय शिकवणाऱ्यांना मानधन मिळतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये डीएड झालेल्यांचं ६ हजारांवरून १६ हजार आणि बीएड झालेल्यांचं ८ हजारांवरून १८ हजार केलं. धर्माचं शिक्षण तिथे त्यांच्या खर्चानं. आता मला सांगा, आपल्या गावातल्या मदरशातलं पोर मराठी आणि गणित शिकलं तर त्यात तुमचं नुकसान की गावाचा फायदा? आणि फक्त मदरशालाच सूट आहे असंही नाही, शिक्षण हक्क कायद्यात २०१२ ला जी दुरुस्ती झाली तिच्यात मदरसे आणि वेदपाठशाळा दोन्ही एकाच वाक्यात बाहेर ठेवल्यात. उत्तर प्रदेशच्या मदरसा कायद्यावर सुप्रीम कोर्टानं ५ नोव्हेंबर २०२४ ला जो निकाल दिला तोही वाचण्यासारखा आहे, कायदा टिकवला पण कामिल आणि फाजिल ह्या उच्च पदव्या द्यायचा भाग रद्द केला, आणि शिक्षणाचा दर्जा राखायला राज्य नियम करू शकतं हे स्पष्ट केलं.

पण तुमच्या रागात एक गोष्ट आहे जी मला पूर्ण पटते, की पैसा दिला तर अट हवी आणि अट पाळली जाते का हे बघायला हवं. इथेच मला २०१४ चा प्रमती निकाल खटकतो. त्यात पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू होणार नाही, विनाअनुदानित असो की अनुदानित. विनाअनुदानितचं मी एक वेळ समजू शकते. पण ज्या शाळेच्या पगारपत्रकातला प्रत्येक रुपया ट्रेझरीतून येतो तिला गरीब मुलांच्या जागांचं बंधन नाही, हे माझ्या डोक्यात अजून बसलेलं नाही. ह्या सवलतीसाठी अल्पसंख्याक दर्जाच्या मागे लागणाऱ्या श्रीमंत संस्था मी पाहिल्यात, ज्यांना आपल्या समाजाच्या गरीब पोरांशीही काही देणंघेणं नसतं. नुसतं मला वाटतं असं नाही, १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाच्याच दोन न्यायमूर्तींनी, आणि तीही महाराष्ट्रातून गेलेल्या टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) केसमध्ये, प्रमतीवर शंका घेतली आणि विषय मोठ्या पीठाकडे जावा असं सांगितलं. मी त्या बाजूची आहे. शाळा तुमची ठेवा, सण तुमचे ठेवा, मुख्याध्यापक तुमच्या मनाचा नेमा, पण गावातल्या गरीब पोराला जागा द्या.

एक उदाहरण देऊन हे संपवते. अलिबागकडचे आपले बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, शनिवार तेली म्हणून ज्यांना आपण ओळखायचो, त्यांच्यातल्या हाईम सॅम्युएल केहिमकरांनी १८७५ साली मुंबईत आपल्या समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली, तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा. समाज बराचसा इस्रायलला गेला, ज्यू मुलं उरली नाहीत, आणि आज तिथे बहुतेक मुलं मुसलमान आहेत. शाळेवरचं नाव तेच आहे आणि शाळा भरतेय. धर्माच्या शाळेचं असंही होऊ शकतं.

प्रश्न: माझी मुलगी अमेरिकेत मेन राज्यात असते. ती म्हणते तिथे चर्चच्या शाळांना सरकारी पैसे द्यावेत की नाही ह्यावर कोर्टकचेऱ्या चालतात. आपल्याकडे हे आधीच ठरलंय ना? (देवरुख)

उत्तर: काकी, पैशाचं आपल्याकडे १९५० लाच ठरलं, त्यांच्याकडे आत्ता ठरतंय. मेनमध्ये पुष्कळ गावं इतकी लहान की हायस्कूलच नाही, आपल्या सह्याद्रीच्या कुशीतल्या वाड्यांसारखं समजा. मग सरकार मुलाची फी दुसऱ्या गावातल्या सरकारी किंवा खाजगी शाळेला देतं, पण धार्मिक शाळेला देत नव्हतं. काही पालक कोर्टात गेले आणि २१ जून २०२२ ला त्यांच्या सुप्रीम कोर्टानं, सहा विरुद्ध तीन, सांगितलं की बाकी खाजगी शाळांना देता तर फक्त धार्मिक आहे म्हणून वगळता येणार नाही. कार्सन विरुद्ध मेकिन असं त्या केसचं नाव.

पण खरी गोष्ट पुढे आहे. राज्यानं कायदा आधीच बदलून ठेवला होता की सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेला भेदभावबंदीचे नियम लागू होतील, आणि धार्मिक शाळांचं म्हणणं असं की मग आमच्या श्रद्धेप्रमाणे कुणाला प्रवेश द्यायचा, कुणाला शिक्षक नेमायचं हे आम्हाला ठरवता येत नाही. म्हणजे फिरून आपला राजापूरचाच प्रश्न. त्यांच्याकडे ह्याचं एक जुनं उत्तर आहे, १९८३ चं. साऊथ कॅरोलायनातल्या बॉब जोन्स युनिव्हर्सिटीत गोऱ्या आणि काळ्या विद्यार्थ्यांनी एकमेकांशी प्रेमसंबंध ठेवायला बंदी होती, बायबलचा आधार सांगून. सरकारनं त्यांची टॅक्समधली सूट काढली आणि कोर्टानं आठ विरुद्ध एक सरकारची बाजू घेतली. संस्थेनं टॅक्स भरला पण नियम २००० सालापर्यंत सोडला नाही. मला त्यातलं एवढं घ्यावंसं वाटतं की श्रद्धा ठेवायला कुणी मनाई केली नाही, सगळ्यांच्या पैशाचा टेकू तेवढा काढून घेतला.

आणि आपलं कलम २९ पण पुरं नाही हेही लक्षात घ्या. त्यात धर्म, वंश, जात, भाषा एवढंच आहे. स्त्री-पुरुष हा शब्द त्यात नाही म्हणून मुलींच्या शाळा चालतात, ते चांगलंच आहे, पण अपंग मूलही त्यात नाही. त्यासाठी २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आला, आणि त्यात सरकारी मदत किंवा मान्यता असलेल्या सगळ्या शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता घ्यायचं असं आहे. "आमच्याकडे सोय नाही" हे जे ऐकायला मिळतं ते कायद्यात बसत नाही.

प्रश्न: शाळेनं युनिफॉर्मवर स्कार्फ चालणार नाही सांगितलं. मुलगी नववीत आहे, हुशार आहे, घरी बसायची वेळ आलीय. (मुरुड)

उत्तर: ह्यावर आज पक्कं उत्तर नाही. कर्नाटकच्या हिजाबबंदीच्या केसमध्ये १३ ऑक्टोबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींची दोन मतं पडली. ऑगस्ट २०२४ मध्ये चेंबूरच्या एका कॉलेजनं घातलेल्या अशाच बंदीला सुप्रीम कोर्टानं बऱ्याच अंशी स्थगिती दिली, तो अंतरिम, म्हणजे तात्पुरता, आदेश आहे पण दाखवायला उपयोगी पडेल. शाळेशी बोलताना युनिफॉर्मच्याच रंगाचा स्कार्फ हा मार्ग सुचवा, काही शाळांनी तो मानलाय. काहीही झालं तरी तिचं नाव काढू नका, दाखला मागू नका, हजेरीपटावर ती राहिली पाहिजे. मुलगी घरी बसली तर त्या भांडणात कुणीच जिंकलं नाही असं मी समजते.

प्रश्न: ताईनू, माझ्या लेकीन परधर्मात लगीन केल्यान. नातवाक पयलीत घालूक गेलाव तर फॉर्मात धर्म लिवा म्हणतत, नायतर घेऊचे नाय. पोरगी आणि जावय म्हणतत आमी कायच लिवचे नाय. आता काय करूचा? (कुडाळ)

उत्तर: आजी, लेक आणि जावई बरोबर आहेत. मुंबई हायकोर्टानं सप्टेंबर २०१४ मध्ये सांगितलंय की सरकार कुणालाही फॉर्मवर धर्म लिहायची सक्ती करू शकत नाही, आणि "माझा कुठलाच धर्म नाही" असं म्हणायचा हक्क नागरिकाला आहे. रकाना मोकळा ठेवा किंवा "नाही" लिहा, आणि सोबत आईवडिलांच्या सहीचं साधं पत्र जोडा. फक्त एक बघा, मुलाला पुढे जातीच्या दाखल्याचा फायदा लागणार असेल तर शाळेच्या जनरल रजिस्टरला पहिलीत काय लिहिलं जातं ते पुढे पडताळणीत काढतात, तेव्हा जात आणि धर्म ह्या दोन रकान्यांचा निर्णय दोघांनी बसून, घाई न करता, फॉर्म द्यायच्या आधीच घ्यावा. पहिलीच्या जागा भरायच्या आत अर्ज आवक करून घ्या, कागद अपुरे असले तरी चालतील, जन्माचा दाखला मागाहून देता येतो.